पाण्यावरून लालबाग

लोक काश्मीरला जाऊन येतात आणि लिहितात, युरोपला जाऊन येतात आणि मग तर विचारूच नका. मी माहीमला बोटीत बसले, भाऊच्या धक्क्याला उतरले, आणि तरी लिहायला बसले आहे. रस्त्याने हे अंतर टॅक्सीवाला कुरकुरत का होईना, पण बघता बघता कापतो. आम्हाला तीन दिवस लागले, कारण आम्ही शहराला समुद्राकडून वळसा घातला, आणि तोही शहरावर टक लावून. लालबागच्या चाळीत जन्म काढलेली मी बाई, मुंबई मला पाठ आहे असा माझा समज होता. पाण्यावरून पाहिल्यावर कळलं की ती मला निम्मीच येत होती. तुमच्यापैकी बहुतेकांचं तसंच असणार, म्हणून सांगते.

प्रवास हौसेचा नव्हता, पोटापाण्याचा होता. मी सागरी नकाशे करते. सागरी नकाशा म्हणजे आपल्या शाळेतल्या नकाशाच्या अगदी उलटा. शाळेत आपण समुद्राला निळा रंग फासून मोकळे होतो आणि सगळी गर्दी जमिनीवर. इथे जमीन रिकामी आणि पाणी गजबजलेलं. कुठे किती खोल, तळाला चिखल की खडक, कुठे बुडालेलं गलबत, कुठे नांगर टाकायचा नाही, हे सगळं मोहरी सांडावी तसं पाण्यावर पसरलेलं. जमिनीवर काढायचं ते फक्त जहाजावरून दिसेल तेवढंच. देवळाचा कळस, चर्चचा मनोरा, एखादी टेकडी. बाकी तुमचं घर, तुमचा नाका, तुमची शाळा यांच्याशी खलाशाला काही देणंघेणं नसतं.

गिरण्यांचा संप झाला तेव्हा मी शाळेत होते. अण्णा, म्हणजे माझे वडील, गिरणीच्या बॉयलरवर होते. कोळसा घालणं, दाब बघणं, आग राखणं हे त्यांचं काम. संपात गिरणी बंद पडली ती पडलीच. आईने घरातली खानावळ वाढवली, अण्णा गिरगावात एका इमारतीचे वॉचमन झाले, आणि मी बारावीनंतर ड्रॉइंगचा कोर्स करून नकाशे गिरवायच्या नोकरीला लागले. प्लॅस्टिकच्या पारदर्शक कागदावर बारीक निबाने आकडे काढायचे, श्वास रोखून. पहिलाच नकाशा माझ्यापुढे आला तो मुंबई बंदराचा. जमिनीवर लालबाग नव्हतं, परळ नव्हतं, घोडपदेव नव्हतं. पण एक बारीक वर्तुळ, मध्ये टिंब, आणि शेजारी लिहिलेलं, चिमणी, ठळक. जागा ताडून पाहिली. आमच्याच गिरणीची.

संध्याकाळी अण्णांना सांगितलं. ते जेवत होते. त्यांनी जेवण उरकून हात धुतले. दुसऱ्या दिवसापासून मात्र चाळीत ज्याला त्याला सांगत सुटले की साऱ्या जगातल्या बोटी आपल्या चिमणीकडे बघून मुंबईत शिरतात. गिरणीला कुलूप, पगार बंद, भट्टी थंड, पण चिमणी नकाशात. पोरं चिडवायची, "अण्णा, आज किती बोटी आणल्यात?" अण्णा गंभीरपणे आकडा सांगायचे. इतकी वर्षं त्या एका वर्तुळावर त्यांनी मान ताठ ठेवली, हे मी जवळून पाहिलं आहे.

पुढे कागदाचे दिवस सरले. जुना नकाशा मोठ्या टेबलावर पसरायचा, भिंगात फुली असलेलं एक यंत्र एकेका आकड्यावर न्यायचं आणि कळ दाबायची. एकेका आकड्यावर. माझं निम्मं तारुण्य त्या फुलीखाली गेलं. आता नकाशा पडद्यावर असतो आणि त्यातल्या कशावरही बोट ठेवा, ते आपली कुळकथा सांगतं. दिवा असेल तर किती वेळाने लुकलुकतो, खडक असेल तर किती पाण्याखाली आहे. जहाज स्वतःसुद्धा त्यात ठिपका होऊन सरकत असतं, आणि पुढे पाणी उथळ असलं तर यंत्र आधीच ओरडायला लागतं, सासूसारखं.

गिरण्यांच्या जमिनींवर क्रेन उभ्या राहिल्या आणि आमच्या ऑफिसात नवी चिंता शिरली. काल दिसणारा कळस आज टॉवरमागे गेलेला. तेव्हा ठरलं की मुंबईच्या किनाऱ्यावरची प्रत्येक ठळक खूण समुद्रातून खरंच दिसते का, हे बोटीने जाऊन तपासायचं. जमिनीवर उभं राहून ती असल्याची खात्री करून घेणं चालत नाही. खुणेचा निकाल पाण्यावरच लागतो. आमच्या यादीत अर्थातच ती चिमणीही होती.

घरी हे बोलले ती चूक की शहाणपण, अजून ठरवलेलं नाही. अण्णांचा नुकताच मोतीबिंदू निघाला होता आणि तेव्हापासून त्यांना नको तेवढं दिसत होतं. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "मी येतंय."

माहीम

बोट माहीमच्या कोळीवाड्यातल्या हिराजीकाकांची. मासेमारीची बोट आम्ही भाड्याने घेतली होती आणि तिच्या बाजूला आमचं यंत्र बांधलं होतं. ते आवाज तळाला पाठवतं, तो परत यायला किती वेळ लागला ते मोजतं, आणि त्यावरून खोली सांगतं. मोहिमेचे प्रमुख कॅप्टन. हे गिरगावात वाढलेले, जन्मभर मालवाहू जहाजांवर फिरलेले, आणि निवृत्तीनंतर आमच्या ऑफिसात सल्लागार म्हणून आलेले. नकाशा वापरणारा माणूस आमच्यात तो एकच. आम्ही बाकीचे नुसते करणारे. अण्णांना बरोबर घ्यायची परवानगी मी त्यांच्याकडे भीतभीत मागितली, तर ते म्हणाले की बॉयलरवर आयुष्य काढलेल्या माणसाला समुद्र काय करणार, येऊ दे.

बोटीत पाय ठेवताच अण्णांचं आणि हिराजीकाकांचं वाजलं. अण्णा चपला घालून चढले. काकांनी शांतपणे सांगितलं की ही आमची लक्ष्मी आहे, वहाणा खाली. अण्णा खजील झाले, पण लगेच म्हणाले की आम्हीही दसऱ्याला बॉयलरची पूजा करायचो आणि त्या दिवशी साहेबालासुद्धा बूट काढायला लावायचो. मग दोघांचं जमलं. आपल्या पोटाला देणाऱ्या यंत्रापुढे अनवाणी उभं राहायचं, हे एकदा मान्य असलं की कोळी काय आणि गिरणीवाला काय, सोयरेच.

माहीमची खाडी मागे पडली तशी काकांनी आपली पद्धत सांगितली. जाळं टाकलं की किनाऱ्यावरच्या दोन वस्तू एका रेषेत धरायच्या, एक पुढची, एक मागची. दुसऱ्या बाजूला तशाच आणखी दोन. मग आंधळ्यालाही जागा परत सापडते. त्यांच्या वडिलांनी अशा कितीतरी जोड्या त्यांना तोंडपाठ करून दिल्या होत्या. आता बऱ्याच जोड्या मोडल्या आहेत, कारण पुढची वस्तू असली तर मागची झाकली गेली. काकांनी उपग्रहावरून जागा सांगणारं छोटं यंत्र घेतलं आहे. ते त्यांनी देव्हाऱ्यातल्या देवीशेजारी टांगलं होतं. दोन्हींवर सारखाच भरवसा असावा.

दुपारी काकांच्या घरून आलेली तांदळाची भाकरी, बोंबलाचं कालवण आणि कोलंबीचं सुकं. अण्णांनी पहिला घास घेतला आणि सांगितलं की मालवणी कालवणात तिरफळ पडतं, त्याशिवाय मजा नाही. काका म्हणाले, मासा ताजा नसला की तिरफळ लागतं. यावर अण्णांनी तिसरी भाकरी मागून घेतली आणि वाद तिथेच मिटला.

वरळी ते गिरगाव

वरळीसमोर मला समुद्र लागला. याबद्दल जास्त लिहीत नाही. इतकंच सांगते की ज्या पाण्याची खोली मी वर्षानुवर्षं दशांशापर्यंत लिहीत आले त्याच पाण्यावर ओणवी होऊन मी अण्णांच्या पंच्याने तोंड पुसत होते, आणि कॅप्टन मला आल्याची वडी देत सांगत होते की मोठमोठ्या ॲडमिरलांनाही समुद्र लागतो. तो कुठला ॲडमिरल, हे विचारायची ताकद नव्हती.

डोकं वर काढलं तेव्हा लोअर परळची बाजू समोर होती. पाण्यावरून बघताना शहराला खोली उरत नाही. माहीमपासून पेडर रोडपर्यंत सगळं एका भिंतीवर टांगल्यासारखं दिसतं. श्रीमंत, गरीब, देऊळ, दर्गा, सगळे खांद्याला खांदा लावून. मी यादी वाचत होते, कॅप्टन दुर्बिणीतून बघून उत्तर देत होते. आहे. आहे, पण दिसत नाही. नाही. नाही. पूर्वी त्या बाजूला चिमण्यांचं रान होतं. आता एखादी दिसायची ती नवीन इमारतींच्या मध्ये, लग्नात चुकून आलेल्या पाहुण्यासारखी. अण्णा प्रत्येकीचं नाव घेत होते. ही अमकी गिरणी, हिच्यात माझा मावसभाऊ. ही तमकी, हिचा भोंगा सगळ्यात आधी. ज्या दिसत नव्हत्या त्यांचीही नावं घेत होते. मी यादीत नोंदी करत राहिले आणि मला मनातून फार वाईट वाटत होतं.

संध्याकाळी बोट चौपाटीसमोर नांगरली आणि होडीने आम्ही गिरगावात उतरलो. कॅप्टनना भूक लागली होती, त्यांना नेहमीच लागते. त्यांच्या माहितीच्या दुकानात बटाटेवडे आणि पियूष झालं. जगातल्या सगळ्या बंदरांत जेवलेला हा माणूस, पण पियूषाच्या पेल्यापुढे त्यांचा चेहरा शाळेतल्या मुलासारखा झाला. मग गल्लीतून चालताना अण्णा एका इमारतीपुढे थांबले आणि म्हणाले, इथे मी वॉचमन होतो. कॅप्टन चकित झाले, कारण दुसऱ्या मजल्यावर त्यांची मावशी राहायची आणि सुट्टीवर आले की ते तिला भेटायला यायचे. म्हणजे अण्णांनी त्यांना गेट उघडून दिलं असणार. दोघांनाही एकमेकांचा चेहरा आठवेना. अण्णा म्हणाले की वॉचमनचा चेहरा कोण बघतो, आणि मीही तेव्हा कुणाकडे बघायच्या मनःस्थितीत नव्हतो.  पुढे सबंध प्रवासात कॅप्टननी अण्णांना बसायला आधी जागा करून दिली.

कुलाब्याला वळसा

दुसऱ्या दिवशी कुलाब्याच्या टोकाला वळसा घालून आम्ही बंदरात शिरलो. टोकापुढे खडकांवर उभं असलेलं दीपगृह डाव्या हाताला गेलं, आणि अण्णा एकदम बोलते झाले. कारण ही वाट त्यांची होती. देवगडहून मुंबईला येणारी आगबोट इथूनच आत वळायची.

तुमच्यापैकी जे कोकणातले नाहीत त्यांना हे सांगायला हवं. रात्रभर बोट हलत असायची. डेकवर उकड्या तांदळाची गाठोडी, नारळ, कोकमं, कोंबड्या, ओकणारी मुलं. पहाटे दीपगृह आलं की सगळा गिरणगाव उठून डाव्या कठड्याला यायचा. मग चिमण्या दिसू लागायच्या, धूर सोडत, एकीमागून एक, आणि प्रत्येक जण आपापल्या चिमणीकडे बोट दाखवायचा. ती आमची. बायकांना दाखवायचे, गावाहून पहिल्यांदा येणाऱ्या भावाला दाखवायचे. कुणाची कुठली यावरून भांडणंही व्हायची. ज्याची चिमणी बुटकी त्याची दिवसभर थट्टा. आपली दिसली की अण्णा हात कपाळाला लावायचे. मला वाटायचं तिथे देऊळच आहे.

संपाच्या वर्षी आई मला आणि भावाला घेऊन गावी गेली, कारण मुंबईत खायचे वांधे होते. खूप महिन्यांनी आम्ही परतलो. दीपगृह आलं, लोक सवयीने उठून कठड्याला आले. चिमण्या होत्या तिथेच होत्या. धूर एकीलाही नव्हता. आकाश इतकं स्वच्छ मी मुंबईवर कधी पाहिलं नव्हतं. आणि कुणीच बोट दाखवलं नाही.  

अण्णांना हे मी कधी सांगितलं नव्हतं. ते तेव्हा मुंबईत होते, गिरणीच्या गेटवर. त्या दिवशी बोटीत सांगितलं. काकांनी दिलेला चहा त्यांच्या हातात गार झाला.

बंदर

तिसऱ्या दिवशी हवा कोरी होती. असाच दिवस आम्हाला हवा होता, कारण धुरकट हवेत खूण दिसली नाही तर दोष हवेचा की टॉवरचा, हे कळत नाही. बोट जुन्या आगबोटीच्या वाटेने उत्तरेला निघाली. आता आमची चिमणी यायची होती. मी यादी मांडीवर घेतली होती, पण खरं सांगते, मी वाचत नव्हते. माझ्या मनात एकच होतं, की ती दिसू दे. दिसली तर ती नकाशात राहील, आणि अण्णांचं जे उरलं आहे ते उरेल. नाही दिसली तर ती मला स्वतःच्या हाताने काढावी लागणार होती.

कॅप्टननी हातात धरायचा कंपास काढला. आता हे जरा समजून घ्या, सोपं आहे. एखाद्या खुणेकडे कंपासातून बघायचं, ती कुठल्या दिशेला आहे ते वाचायचं, आणि नकाशावर त्या खुणेपासून त्या दिशेची रेघ मारायची. आपण त्या रेघेवर कुठेतरी आहोत. दुसऱ्या खुणेवरून दुसरी रेघ मारली की दोन रेघा छेदतात तिथे आपण. एरवी उपग्रह आपली जागा सांगतोच. पण उपग्रहाचं यंत्र बिघडतं, कधी खोटंही बोलतं, आणि तेव्हा या दोन रेघांशिवाय खलाशाला कुणी नसतं. म्हणून इलेक्ट्रॉनिक नकाशातही खुणा ठेवतात.

पहिली रेघ दीपगृहावरून झाली. मग कॅप्टन अण्णांकडे वळले. मी म्हणालेही की यादीत जागा लिहिलेली आहे, दुर्बिणीतून बघते. पण त्यांनी मला हातानेच थांबवलं.

"अण्णा, तुमची चिमणी तुम्हीच दाखवा."

अण्णा उठून कठड्याला आले. चष्मा पुसला. समोर शिवडीपासून लालबागपर्यंत टॉवरांची रांग, आणि तिच्या उजव्या कडेला एकच एक चिमणी, उन्हात लाल दिसणारी. अण्णांचा हात आपोआप कपाळाला गेला. मग त्यांनी बोट दाखवलं.

"ती. ती आमची."

मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. कॅप्टननी दिशा वाचली, मी लॅपटॉपवरच्या नकाशात आमच्या चिमणीपासून रेघ मारली. ती दीपगृहाच्या रेघेला जिथे छेदली तिथे पाण्याखालच्या खडकाची खूण होती. आणि आमच्या बोटीचा खरा ठिपका, उपग्रहाने दाखवलेला, तिथून बराच लांब, चांगल्या खोल पाण्यात होता. मी पुन्हा रेघ मारली. तिथेच गेली.  हिराजीकाकांनी इंजिन मंद केलं.

बोट थोडी पुढे सरकली तशी दोन टॉवरांमध्ये एक फट उघडली, आणि त्या फटीत दुसरी चिमणी दिसली. काळवंडलेली, वरून जरा तुटलेली, कडेच्या लोखंडी शिड्यांसकट. अण्णांनी ती पाहिली आणि त्यांनी कठडा घट्ट धरला. ही त्यांची होती. मघाची कडेची चिमणी दुसऱ्या गिरणीची, जिच्या संघाशी कबड्डीच्या मैदानात यांची डोकी फुटायची. ज्या भट्टीत अर्धं आयुष्य कोळसा घातला, तिची चिमणी ओळखताना अण्णा चुकले होते, कारण खरी दिसतच नव्हती आणि खोटी एकटी समोर उभी होती.

फट मिटली. चिमणी पुन्हा गेली.

मी कॅप्टनना म्हणाले की निदान त्या फटीतून तरी दिसते, तर ठेवू या. ठळक हा शब्द काढते, पण खूण राहू दे. मी गयावया करत होते हे माझं मलाच कळत होतं. त्यांनी खूप सौम्यपणे सांगितलं की कुठूनच न दिसणारी खूण परवडते, खलाशी ती शोधून सोडून देतो. पण कधी दिसणारी आणि कधी न दिसणारी खूण वाईट. न दिसणाऱ्या जागी तो भलतीलाच ती समजतो आणि खात्रीने समजतो. "अण्णा चुकले, तर परदेशातून पहिल्यांदा आलेला पोरगेला अधिकारी चुकणारच. पण नकाशा तू करतेस, सुरेखा. मी तुला काढ म्हणणार नाही."

मग ते पुढे जाऊन हिराजीकाकांपाशी बसले. लॅपटॉप माझ्यापुढे उघडा होता. पडद्यावर ते वर्तुळ, मध्ये टिंब. अण्णा माझ्या शेजारी येऊन टेकले. मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होते. भाऊचा धक्का दिसायला लागला होता, मासळीच्या बोटींची गर्दी, वर घारी. 

"मी चुकलंय," अण्णा म्हणाले.

मी म्हटलं, कुणीही चुकलं असतं. त्यांनी मान हलवली, पण ते समाधान त्यांना नको होतं. त्यांनी पडद्याकडे बोट करून विचारलं की तू हे इथून काढलंस, तर लांबच्या बोटवाल्यांना ते कसं कळतं? मी सांगितलं की नकाशात काही बदललं की त्याची सुधारणा निघते, ती सगळ्या जहाजांना जाते. जहाज कुठेही असो, मुंबईत येणारं असो नसो, ती सुधारणा त्याने घ्यायचीच असते.

"सगळ्यांक?"

"सगळ्यांना, अण्णा."

"म्हणजे ही आता दिसणा नाय, असा एकेकाक सांगतत?"

"हो. एकेकाला."

त्यांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याने पुसत बसले. मला वाटलं आता हे रडणार. पण आवाज अगदी सरळ होता.

"मगे काढ गो. आमची गिरण बंद झाली, ता आमका कोणी कळवल्यान नाय. आज भोंगो वाजतलो, उद्या वाजतलो म्हणान आमी वर्सभर गेटार उभे रवलंव. ह्या बोटवाल्यांक तरी वेळेर कळव."

मी वर्तुळावर बाण नेला आणि ते काढलं. पडद्यावर त्या जागी रिकामी जमीन राहिली. खाली कारण लिहायची जागा असते, तिथे मी लिहिलं: चिमणी उभी आहे, समुद्रातून दिसत नाही. अण्णांनी मला ते मोठ्याने वाचायला लावलं, आणि धक्का येईपर्यंत पुन्हा एकदा.

"बरोबर लिवलंस," ते म्हणाले.